खरी टोपी, खोटा कॅप्टन

जुन्या जर्मन लष्करी टोप्या जमवणाऱ्यांची स्वतःची एक गद्यशैली आहे. लिलावाचे कॅटलॉग, संग्राहकांची जाडजूड पुस्तकं, विक्रेत्यांनी टोपीला अडकवलेल्या चिठ्ठ्या, सगळीकडे ती सारखीच सापडते. नमुन्यादाखल मीच एक नोंद रचतो : ‘पायदळ अधिकाऱ्याची टोपी. माथा राखाडी-हिरवा, पट्टा गडद हिरवा, पांढरं पायपिंग. चंदेरी दोरी, दोन्ही बटणं मूळची. गरुड आणि पानांचं कडं सुस्थितीत. आतलं सेल्युलॉइड तडकलेलं. दोन ठिकाणी कसर. क्वचित मिळणारा नग.’ या वाक्यांत क्रियापद नसतं, आणि कर्ता तर कधीच नसतो. टोपी आहे, पण तिच्याखाली कोणाचं तरी डोकं होतं याचा उल्लेख नाही.

ही शैली मला आवडते हे आधीच सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमची तांत्रिक कागदपत्रंही अशीच असतात, कर्ता नसलेली. तीन वर्षं बर्लिनमध्ये नोकरीला होतो तेव्हा रविवारच्या जुन्या बाजारात जायची सवय लागली आणि टोप्यांपाशी थांबायला लागलो. पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडलेल्याला तिथे परकं वाटत नाही. फरक इतकाच की तिथे काही बिल्ल्यांच्या मधोमध एक छोटा गोल स्टिकर चिकटवलेला असतो. स्वस्तिक उघड दाखवणं जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ प्रमाणे गुन्हा आहे. कला, संशोधन, अध्यापन यांना सूट आहे, विक्रीच्या टेबलाला नाही. म्हणून स्टिकर. विकत घेणारा घरी जाऊन तो नखाने काढतो.

टोपी वाचायला शिकावी लागते. वेरमाख्टच्या, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याच्या टोपीवर कडेने बारीक रंगीत पायपिंग असायचं आणि त्या रंगावरून माणूस कुठल्या दलातला हे कळायचं. पांढरा पायदळाचा, लाल तोफखान्याचा, काळा इंजिनियर दलाचा, निळसर डॉक्टरांचा. रणगाडे चालवणाऱ्यांचा रंग गुलाबी होता, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. अधिकाऱ्याच्या टोपीला चंदेरी दोरी, जनरलच्या टोपीला सोनेरी, साध्या शिपायाला काळी चामड्याची पट्टी. डोंगरी तुकड्यांच्या टोपीवर डाव्या बाजूला एडेलवाइसचं फूल. हवाई दलाचा गरुड उडता, भूदलाचा पंख ताठ पसरलेला. आत अस्तराला सेल्युलॉइडचा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा शिवलेला असे. त्याखाली कारखान्याचं नाव, आणि कधी कधी मालकाच्या नावाची चिठ्ठी. धातूचे बिल्ले आणि बटणं पुष्कळदा ल्युडेनशाइड या गावातली, तिथे हाच धंदा होता. पक्षाच्या आणि एस.एस.च्या सामानावर पक्षाच्या पुरवठा कचेरीचा शिक्का आणि आकडा असे. तो आकडा पाहून कारखाना ओळखता येतो.

त्याआधीच्या कैसरच्या काळातल्या टोप्यांवर कोकार्ड असत. कोकार्ड म्हणजे रंगीत वर्तुळांचा गोल बिल्ला. १८९७ पर्यंत सैनिक आपापल्या राज्याचा एकच बिल्ला लावत असे. प्रशियाचा काळा-पांढरा-काळा, बव्हेरियाचा पांढरा-निळा-पांढरा, सॅक्सनीचा पांढरा-हिरवा-पांढरा. १८९७ मध्ये सगळ्यांना त्याच्यावर साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल बिल्ला लावायचा हुकूम निघाला. म्हणजे एकच बिल्ला असलेली टोपी १८९७ च्या आधीची, दोन असतील तर नंतरची. देश एक होण्याची गोष्ट दोन बिल्ल्यांच्या वरखाली असण्यात वाचता येते. संग्राहकांच्या या ज्ञानाला मी मनापासून मानतो. इतिहासाच्या प्राध्यापकांच्या नजरेतून निसटलेल्या कित्येक गोष्टी या लोकांनी मोजून, तपासून ठेवल्या आहेत.

या क्षेत्रातलं ब्रायन डेव्हिसचं ‘जर्मन आर्मी युनिफॉर्म्स अँड इन्सिग्निया’ हे १९७१ चं पुस्तक पुष्कळांच्या टेबलावर असतं. नियमावली, छायाचित्रं, तक्ते. पुस्तक जे करायचं म्हणतं ते चोख करतं. माझी तक्रार या एका पुस्तकाबद्दल नाही, या सगळ्या लेखनप्रकाराच्या सवयीबद्दल आहे, आणि ती एका तारखेवर दाखवता येईल.

भूदलाच्या टोपीवर स्वस्तिक धरलेला गरुड आला तो फेब्रुवारी १९३४ मध्ये. संरक्षणमंत्री ब्लोमबेर्ग याने १७ तारखेला हुकूम काढला. संग्राहकाच्या दृष्टीने ही फार कामाची तारीख आहे, कारण तिच्यावरून टोपीचं वय ठरतं. पण त्याच ब्लोमबेर्गने त्याच महिन्याच्या २८ तारखेला आणखी एक हुकूम काढला : सरकारी नोकरीतून ज्यूंना काढणारं ‘आर्य’ कलम सैन्यालाही लागू. टोपीवर गरुड चढला आणि अकरा दिवसांनी काही जणांच्या डोक्यावरून टोपीच उतरवली गेली. हिंडेनबुर्ग तेव्हा अजून राष्ट्राध्यक्ष होता, सैन्याने हिटलरच्या नावाने शपथ घ्यायला अजून सहा महिने होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती, सेनेने आपणहून सूर जुळवून घेतला. टोप्यांच्या पुस्तकात पहिली तारीख असते. दुसरी मला इतिहासाच्या पुस्तकात शोधावी लागली. दोन्ही एकाच वाक्यात आल्या असत्या तर त्या गरुडाचा अर्थ वाचकाला एका दमात कळला असता.

या लेखनप्रकाराला एकच प्रश्न ठाऊक आहे : वस्तू खरी की नकली? धागा काळ्या प्रकाशात चमकतो का, कारण चमकला तर तो युद्धानंतरचा. बिल्ल्याचे काटे नव्याने वाकवलेत का. घामाची पट्टी पुन्हा शिवली आहे का. प्रश्न रास्त आहे, बाजारात नकली मालाचा सुळसुळाट आहे. पण जर्मन साहित्याने आणि सिनेमाने हाच प्रश्न नेमका उलटा करून दोनदा विचारला आहे. दोन्ही वेळा टोपी अस्सल होती आणि तिच्याखालचा माणूस नकली.

पहिली गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. १६ ऑक्टोबर १९०६. विल्हेल्म फॉइग्ट नावाचा सत्तावन्न वर्षांचा, बूट शिवणारा, आयुष्यातली जवळपास तीस वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. जुन्या कपड्यांच्या दुकानांतून एकेक वस्तू घेत त्याने गार्ड रेजिमेंटच्या कॅप्टनचा गणवेश जमवला. बर्लिनमध्ये रस्त्यावर भेटलेल्या दहाएक शिपायांना थांबवून ‘माझ्या मागे या’ म्हणाला, ते आले. त्यांना घेऊन तो रेल्वेने क्योपेनिकला गेला, नगरपालिकेत घुसला, महापौर लांगरहान्सला अटक केली, तिजोरीतले साडेतीन हजारांहून अधिक मार्क ताब्यात घेतले आणि निघून गेला. दहा दिवसांनी सापडला. चार वर्षांची शिक्षा झाली, कैसरने १९०८ मध्ये माफी दिली. साऱ्या युरोपने हसून घेतलं.

आपल्याकडे फसवण्याला ‘टोपी घालणं’ म्हणतात, त्या अर्थाने जगातला हा सर्वांत शब्दशः प्रकार असावा. फक्त इथे टोपी ज्याने फसवलं त्याच्या डोक्यावर होती.

कार्ल त्सुकमायर याने या घटनेवर ‘देर हाउप्टमान फॉन क्योपेनिक’ हे नाटक लिहिलं. मार्च १९३१ मध्ये बर्लिनला पहिला प्रयोग झाला. नाटककार म्हणून त्याची खरी हुशारी कुठे आहे? फॉइग्टने गणवेश तुकड्यातुकड्यांनी गोळा केला होता. त्सुकमायर त्याचा एकच गणवेश करतो आणि त्या गणवेशाला चरित्र देतो. पहिल्याच प्रवेशात पॉट्सडॅमच्या शिंप्याकडे कॅप्टन फॉन श्लेटो तो अंगावर चढवून बघतोय आणि कोटाच्या मागच्या दोन बटणांमधलं अंतर नियमाप्रमाणे नाही म्हणून अस्वस्थ आहे. हा माणूस आजच्या संग्राहकांच्या मेळाव्यात सहज खपून गेला असता. पुढे हाच श्लेटो साध्या कपड्यांत एका कॅफेत मारामारीत सापडतो. गणवेश अंगावर नसल्याने त्याला कोणी कॅप्टन मानत नाही आणि त्याला सैन्य सोडावं लागतं. गणवेश शिंप्याकडे परत. मग तो जातो राखीव अधिकारी झालेल्या ओबरम्युलरकडे, जो पुढे क्योपेनिकचाच महापौर होणार आहे. मग शिंप्याची मुलगी तो घालून नाचाच्या समारंभात मिरवते, त्यावर शॅम्पेन सांडते. मग बोहाऱ्याचं दुकान. तिथे फॉइग्ट. एकवीस प्रवेशांत गणवेश पायरी पायरीने खाली येतो आणि बूट शिवणारा त्याच्या वाटेत उभा राहतो. संग्राहक ज्याला वस्तूची वंशावळ म्हणतात आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजतात, ती त्सुकमायरने अख्खी लिहून काढली आहे, प्रत्येक टप्प्यावर माणसासकट.

मी हे नाटक भाषांतरातून आणि मग अडखळत मूळ जर्मनमधून वाचलं ते वेगळ्याच कारणाने. त्यातला फॉइग्ट पोलिसांकडे जातो. ते म्हणतात, काम नाही तर राहायचा परवाना नाही. तो कारखान्यात जातो. ते म्हणतात, परवाना नाही तर काम नाही. बर्लिनमध्ये नव्याने उतरलेल्या कुठल्याही मराठी इंजिनियरला हा प्रवेश वाचून दाखवा. पत्त्याच्या नोंदणीसाठी भाड्याचं घर हवं, घरासाठी पगाराच्या पावत्या, पगारासाठी बँकेचं खातं, खात्यासाठी पत्त्याची नोंदणी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरचे विनोद कधी संपले नाहीत. अर्थात आमच्या मागे कंपनी होती, वकील होता, ते चक्र महिन्या-दोन महिन्यांत सुटायचं. फॉइग्टचं आयुष्यभर सुटलं नाही. नाटकात तर तो पैशासाठी नव्हे, पासपोर्टसाठी नगरपालिकेवर छापा घालतो, आणि तिथे गेल्यावर कळतं की क्योपेनिकला पासपोर्टचं खातंच नाही.

इथेच मला त्सुकमायरशी भांडायचं आहे. पासपोर्टची गोष्ट पकडला गेल्यावर फॉइग्टने स्वतःच्या बचावासाठी सांगितलेली. त्याची नजर तिजोरीवर होती असं मानायला भरपूर जागा आहे. नाटक ती कहाणी खरी धरतं आणि चोराचा संत करतं. प्रेक्षकाला पापाचा लवलेश नसलेला नायक मिळतो. त्यामुळे दोष उरतो फक्त गणवेशाचा, आणि त्या गणवेशापुढे वाकणाऱ्यांचा. तेही कसे, तर लोभस. शिपाई निरागस आहेत, महापौर बावळट आहे, कैसरला हसू येतं. शेवटी फॉइग्ट गणवेशात स्वतःला पहिल्यांदाच आरशात बघतो आणि हसत सुटतो. नाटकाचं उपशीर्षकच आहे ‘एक जर्मन परीकथा’.

आपल्याकडे पुलंनी गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’वरून ‘अंमलदार’ केलं. तिथे तर गणवेशही लागत नाही, गावातल्यांच्या पोटातली भीतीच समोरच्याला साहेब बनवते. पण गोगोलच्या गावकऱ्यांना लपवायला पापं आहेत म्हणून ते फसतात. त्सुकमायरच्या जर्मनांकडे पाप नाही, फक्त सवय आहे. १९३१ मध्ये, जेव्हा बर्लिनच्या रस्त्यांवर तपकिरी शर्टवाले रोज हाणामाऱ्या करत होते, तेव्हा ही सवय इतकी गोड करून दाखवणं हे धाडस होतं की चूक, यावर मी बरेच दिवस विचार केला आहे. त्सुकमायर काही भाबडा नव्हता, पहिल्या महायुद्धात लढलेला होता आणि १९३३ नंतर त्याच्यावरच बंदी आली, देश सोडावा लागला. पण त्या पहिल्या प्रयोगात फॉइग्टची भूमिका करणारा वेर्नर क्राउस हा नट मागे राहिला. १९४० मध्ये ‘यूड स्युस’ या नाझी प्रचारपटात त्याने एकट्याने अनेक ज्यू पात्रं रंगवली, द्वेषाच्या साच्यातली. वेशांतरात तो फारच निपुण होता.

दुसरी गोष्ट क्योपेनिकनंतर एकोणचाळीस वर्षांनी घडली आणि तिच्यात कोणी हसलं नाही.

एप्रिल १९४५. विली हेरोल्ड, वय एकोणीस, धुराडी साफ करायचं काम शिकलेला, तुकडीपासून तुटलेला शिपाई. डच सरहद्दीजवळ त्याला एका सोडून दिलेल्या गाडीत हवाई दलाच्या कॅप्टनचा गणवेश सापडला. तो त्याने चढवला. वाटेत भेटलेले भरकटलेले शिपाई त्याच्यामागे चालू लागले. ही टोळी एम्सलँड भागातल्या आशेनडॉर्फरमोर छावणीत पोचली. तिथे बहुतेक कैदी जर्मन सैन्यानेच शिक्षा दिलेले, पळून गेलेले वगैरे शिपाई होते. हेरोल्डने सांगितलं की खुद्द फ्यूररने आपल्याला सर्वाधिकार दिले आहेत. पुढच्या काही दिवसांत त्याच्या हुकमाने शंभराहून जास्त कैदी मारले गेले. मे महिन्यात ब्रिटिशांनी त्याला पकडलं ते पावाचा एक लोफ चोरला म्हणून. तो कोण आहे हे नंतर कळलं. नोव्हेंबर १९४६ मध्ये त्याला गिलोटिनखाली देहांत शिक्षा झाली.

रॉबर्ट श्वेन्टके याचा ‘देर हाउप्टमान’ (२०१७) हा चित्रपट या हेरोल्डवर आहे. नाव मुद्दाम त्सुकमायरच्या नाटकाचा अर्धा भाग उचलून ठेवल्यासारखं आहे. जर्मन प्रेक्षकाच्या तोंडात ‘फॉन क्योपेनिक’ आपोआप येणार आणि मग समोरचं बघून ते घशात अडकणार.

चित्रपटाचा सर्वांत चांगला भाग पहिला अर्धा तास आहे. सुरुवातीला हेरोल्ड उघड्या माळावर सशासारखा धावतोय आणि त्याच्याच सैन्याचे लोक गाडीतून त्याची शिकार करताहेत. मग गाडी सापडते, बॅग उघडते, गणवेश. तो घालून तो एकटाच माळावर अधिकाऱ्याच्या चालीचा, आवाजाचा सराव करतो. खेळ आहे तो, थंडीने कुडकुडणाऱ्या पोराचा. तेवढ्यात फ्रायटाग नावाचा एक शिपाई समोर येतो, सलाम ठोकतो आणि आपल्याला बरोबर घ्या म्हणून विनवतो. हेरोल्डने त्याला फसवलेलं नाही. फ्रायटागला कॅप्टन हवा होता, कारण कॅप्टन नसलेला शिपाई म्हणजे पळपुटा, आणि पळपुट्याला गोळी. टोपी एकाच्या डोक्यावर आहे, पण तिच्यामुळे जीव दोघांचा वाचतो.

मॅक्स हुबाखरने हेरोल्ड फार संयमाने केला आहे. या कॅप्टनला पँट लांब होते आणि टोळीतल्या एकाच्या, किपिन्स्कीच्या, नजरेत ते भरतं. श्लेटोची बटणं आठवावीत. कपड्यातली चूक इथेही दिसते, फक्त बघणारा बोलत नाही. त्याला बोलून काय मिळणार? छावणीत तर हे आणखी उघडं होतं. तिथल्या एका अधिकाऱ्याला कैदी मारायचेच आहेत, अडचण फक्त परवानगीची आहे. न्यायखात्याचे लोक कुरकुरतात, फोन होतात, आणि शेवटी कुणीतरी वरून ‘हो’ म्हणतं. तो गणवेश तपासायची गरज कोणालाच नव्हती, कारण तो सगळ्यांच्या सोयीचा होता.

माझ्या कामात लॉगिनच्या व्यवस्था बांधाव्या लागतात. त्यात ‘बेअरर टोकन’ नावाचा प्रकार असतो. नावातच अर्थ आहे : ज्याच्या हातात, त्याचं. सर्व्हर टोकन खरं आहे का एवढंच तपासतो, ते कोणी आणलंय हे नाही. टोकन चोरीला गेलं तर चोर म्हणजे तुम्हीच. क्योपेनिकची घटना आम्ही नव्या मुलांना शिकवताना गमतीने सांगत असू. पण हेरोल्डची सांगता येत नाही, कारण तिथे हे उदाहरण तुटतं. सर्व्हरला स्वतःची इच्छा नसते. आशेनडॉर्फरमोरमध्ये तपासणाऱ्याचीच इच्छा होती की टोकन खरं ठरावं. क्योपेनिकला आज्ञापालनाचा दोष म्हणून जे पाहिलं जातं ते इथे आज्ञेची भूक म्हणून दिसतं. श्वेन्टकेने त्सुकमायरला दिलेलं हे उत्तर मला पटतं.

न पटणारंही बरंच आहे. छावणीचा भाग सुरू झाला की चित्रपटाचा तोल जातो. नाचगाण्याची रात्र, दारू, कैद्यांनी केलेले विनोद, हे सगळं इतकं चढत जातं की मघाशी अगदी ओळखीची वाटणारी माणसं राक्षस होऊन बसतात, आणि राक्षसांपासून प्रेक्षक सुरक्षित असतो. शिवाय मरणारे कैदी आपल्याला जवळपास भेटतच नाहीत. हेरोल्ड, फ्रायटाग, किपिन्स्की यांना चेहरे आहेत, स्वभाव आहेत. खड्ड्यात उभ्या केलेल्यांना नाहीत. म्हणजे संग्राहकाच्या नोंदीत जो कर्ता गळतो तो श्वेन्टकेने परत आणला, पण ज्यांच्यावर क्रिया झाली ते इथेही गळालेलेच राहिले.

एक गंमत मात्र टोप्या बघणाऱ्यालाच कळेल. चित्रपट कृष्णधवल आहे. हवाई दलाच्या उड्डाण शाखेचं आणि छत्रीधारी सैनिकांचं पायपिंग पिवळं, विमानविरोधी तोफांचं लाल. कृष्णधवल पडद्यावर सगळे राखाडी. संग्राहक ज्या रंगावरून किंमत ठरवतो तो रंगच दिग्दर्शकाने काढून घेतला आहे. उरतो फक्त आकार : वर चढलेला माथा, कपाळावर आलेला काळा व्हायझर, त्याच्या सावलीत न दिसणारे डोळे. टोपीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला एवढंच दिसत असणार.

शेवटच्या श्रेयनामावलीत श्वेन्टके रंग परत आणतो. हेरोल्ड आणि त्याची टोळी त्याच गणवेशात आजच्या ग्योर्लिट्स शहरात गाडी थांबवून रस्त्यावरच्या लोकांना अडवते, झडती घेते. समीक्षकांना ही कसरत फार ढोबळ वाटली तर मी समजू शकतो. मला ती दुसऱ्या कारणाने टोचली. ग्योर्लिट्स पोलंडच्या सरहद्दीवर आहे. त्याच भागातून एकदा रेल्वेने जाताना गणवेशातले दोघे डब्यात चढले आणि भरलेल्या डब्यात फक्त माझ्याकडे पासपोर्ट मागितला. सभ्यपणे मागितला, बघितला, परत दिला. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्या टोपीवरच्या बिल्ल्याकडे. समोर बसलेल्या बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं. चित्रपटातले वाटसरू बॅगा उघडून दाखवतात तेव्हा मला त्या बाई आठवल्या, स्वतः मी नाही.

संग्राहक वाईट माणसं असतात असं मी म्हणत नाहीये. मला भेटलेले बहुतेक जण निवृत्त शिक्षक, प्लंबर, एक दंतवैद्य असे होते आणि हिटलरबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. प्रेम असणारेही असतात, ते स्टिकरकडे ज्या नजरेने बघतात त्यावरून कळतात. पण चांगल्या संग्राहकालाही खरेपणाचं वेड कुठे नेतं याचा धडा कोनराड कुयाउने दिला आहे. श्टुटगार्टचा हा व्यापारी युद्धकाळातल्या वस्तू विकायचा आणि वस्तूला जोडून खोटी प्रमाणपत्रं तयार करायचा. पहिल्या महायुद्धातलं एक शिरस्त्राण त्याने विकलं. शिरस्त्राण अस्सल, किंमत किरकोळ. सोबत एक चिठ्ठी, की हे हिटलरने १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये ईपरच्या आघाडीवर घातलं होतं. चिठ्ठी कुयाउने लिहिलेली. पुढे त्याने हिटलरच्या डायऱ्याच लिहिल्या. ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने ९३ लाख मार्क मोजले, १९८३ मध्ये छापल्या आणि दोन आठवड्यांत तोंडघशी पडलं. रॉबर्ट हॅरिसचं ‘सेलिंग हिटलर’ हे त्यावरचं पुस्तक कुठल्याही रहस्यकथेपेक्षा वेगवान आहे. त्यातून दिसतं ते असं की डोक्यावरचं लोखंड कितीही खरं असलं तरी गिऱ्हाइकाला ते नको असतं. त्याला त्याखालचं डोकं हवं असतं, आणि एकच विशिष्ट डोकं.

म्हणजे संग्राहकांच्या गद्यात माणूस अजिबात नसतो असंही नाही. मोठा माणूस असला की लगेच येतो, भावासकट. नोव्हेंबर २०१९ मध्ये म्युनिकच्या एका लिलावात हिटलरची उंच काळी टोपी ५० हजार युरोंना गेली. घेणारा होता अब्दल्ला शातिला, लेबनॉनमध्ये जन्मलेला स्विस उद्योजक. चुकीच्या हातात पडू नये म्हणून त्याने ती आणि आणखी बऱ्याच वस्तू घेतल्या आणि एका ज्यू संस्थेला देऊन टाकल्या. त्या पुढे जेरुसलेमच्या याद वाशेमकडे जायच्या ठरल्या. कॅटलॉगच्या भाषेत याला ‘नग बाजारातून बाहेर गेला’ म्हणतात.

मी बर्लिन सोडताना एकच टोपी घेऊन आलो : पूर्व जर्मनीच्या रेल्वेतल्या फलाट अधिकाऱ्याची, लाल माथ्याची. त्या देशाने समाजवादी होऊनही आपल्या रेल्वेचं नाव ‘डॉइचे राइख्सबान’ तसंच ठेवलं होतं, कैसर आणि हिटलर यांच्या ‘राइख’सकट, थेट १९९३ संपेपर्यंत. विकणाऱ्याने आतल्या घामाच्या पट्टीवर पेनाने लिहिलेलं आडनाव दाखवलं आणि म्हणाला, नाव असलेल्या टोपीला दहा युरो जास्त. मी दिले. ते आडनाव इथे लिहीत नाही, त्याचे नातेवाईक असतील. आई विचारते की दुसऱ्याच्या घामाची टोपी घरात कशाला.

फॉइग्ट सुटल्यावर पुरता प्रसिद्ध झाला होता. बर्लिनच्या मेणाच्या संग्रहालयात त्याचा पुतळा उभा राहिला. तो गावोगाव स्वतःला दाखवत फिरला, १९०९ मध्ये आत्मचरित्र काढलं, १९२२ मध्ये लक्झेंबर्गला वारला. आज क्योपेनिकच्या नगरपालिकेसमोर तो ब्राँझमध्ये उभा आहे, गणवेशात, आणि पर्यटक त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. हयातीत तो आपली गणवेशातली छायाचित्रं सही करून विकत असे. त्या सह्या आता संग्राहकांच्या बाजारात येतात, आणि घेणारे भिंग लावून बघतात की सही खरी आहे ना.